ठमीच्या मापाचा मुखवटा

मी मुखवटा बोलतोय. लगेच नाटक-बिटक डोळ्यांपुढं आणू नका. मला रंग नाही, मिशा नाहीत, आणि मला चढवून आजवर कुणी टाळ्या मिळवलेल्या नाहीत. मी पांढऱ्या प्लास्टिकचा, अंगभर बारीक भोकं असलेला, एका माकडिणीच्या तोंडाच्या मापाचा मुखवटा. तिचं नाव ठमी. माणसांनी आम्हा दोघांचा केसानं गळा कापला. तो कसा, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मूळचा मी नुसता एक सपाट तक्ता होतो. एका सकाळी ताईनं मला गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडलं आणि मी ओल्या फडक्यासारखा लुळा पडलो. ठमी तेव्हा औषधानं गाढ झोपली होती. ताईनं मला तिच्या तोंडावर पसरलं, बोटांनी नाकाभोवती दाबलं, भुवईच्या हाडावर दाबलं, गालाच्या खळीत दाबलं. गार होत होत मी कडक झालो, आणि उठलो तो ठमीचं तोंड होऊनच. मग ताईनं कात्रीनं डोळ्यांची आणि तोंडाची जागा कापली, आतून कपाळाला मऊ फोम चिकटवला. एका ठिकाणी, उजव्या गालावर, कात्री जरा जास्त चालली आणि बोट जाईल एवढं भोक पडलं. "राहू दे, वारा लागेल तिला," ताई म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या तोंडाला मी बसणं आता शक्यच नव्हतं.

ताई म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ती चांगली शिकलेली, नावापुढं डॉक्टर लावणारी बाई होती, पण माकडांना शिकवायचं काम तिच्याकडं, आणि सगळी इमारत तिला ताईच म्हणायची. तिच्या वर मोठे सर. सरांचा स्वभाव वाईट नव्हता, पण ते सदा पडद्याकडं बघत. ठमीचा मेंदू त्यांनी आतून-बाहेरून पाहिला होता, पण समोर आली असती तर तिला ओळखलं नसतं. तिसरे कॅमेरावाले दादा. जाडजूड, कमी बोलणारे, कुणाशी वाकडं न घेणारे. एवढीच माणसं माझ्या आयुष्यात आली.

त्या इमारतीत मेंदूचे फोटो काढायचे. वरवरचे नव्हेत, जिवंत मेंदूच्या आतले. तळघरात एक औषध बनायचं, त्यात किरण सोडणारा अंश मिसळलेला. शिशाच्या जाड डबीत घालून ते धावतपळत वर आणायचे, कारण चहा पिऊन होईतो त्याचा जोर निम्म्यावर यायचा. पायाच्या शिरेतून ते आत सोडलं की मेंदूत जाऊन ठरावीक जागी बसायचं. मेंदूतली रसायनं जिथं येऊन आपलं काम करतात, त्या या जागा. सर त्यांना रिसेप्टर म्हणत. डोक्याभोवती जाड बांगडीसारखा एक गोल कॅमेरा असायचा. तो ते किरण टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर मेंदूचं लाल-पिवळं चित्र उमटायचं. ज्यांचे हात थरथरतात अशा माणसांच्या मेंदूत या जागांची घडी बिघडते म्हणे, आणि त्यांच्यासाठी औषध शोधायचं होतं. ताईच्या बाबांचा हात असाच थरथरायचा. ती कधीतरी दादांना सांगायची, काल बाबांनी कप धरला, आज नाही धरला.

आता यात मेख अशी, की डोकं जरासं हललं तरी चित्र फिसकटतं. बरं, झोपेचं औषध देऊन डोकं स्थिर करावं, तर ते औषध स्वतःच त्या जागांमध्ये लुडबुड करतं आणि चित्र खोटं येतं. म्हणजे जनावर जागं हवं आणि स्थिरही हवं. माणसांची स्वतःची पोरं फोटोला क्षणभर नीट उभी राहत नाहीत, आणि यांना हवं होतं गप्प बसणारं माकड! सगळ्यांनी हात टेकले होते. ताईनं ते करून दाखवलं.

तिनं जबरदस्ती केली नाही, हे मी कबूल करतो. पहिले कित्येक दिवस ती मला नुसती पिंजऱ्याशी धरून बसायची आणि माझ्या हनुवटीच्या कडेवर एक मनुका ठेवायची. ठमी दुरून हात लांब करून मनुका पळवायची, आणि वर माझ्याकडं अशी बघायची की जणू मीच तिची चोरी केलीय. मग मनुका जरा आत सरकली. मग अजून आत, इतकी की ओठांनीच घ्यावी लागेल. एके दिवशी ठमीनं आपलं नाक माझ्या नाकात घातलं आणि ताई आनंदानं जवळजवळ ओरडलीच. "शाब्बास गं माझी राणी! बघितलंत दादा? आपणहून!" दादा म्हणाले, "बघितलं की. माझ्या बायकोचं मांजर हाक मारली तरी येत नाही."

पुढं ठमीची एक सवयच झाली. ताईनं मला पुढं केलं की ती आधी मला हुंगायची, मग गालावरच्या त्या भोकात बोट घालून बघायची, आणि मगच तोंड आत द्यायची. रोज तीच तपासणी. मला तिचा राग यायचा नाही. उलट वाटायचं, बाई शहाणी आहे, बघूनसवरून विश्वास ठेवतेय.

माझ्या दोन्ही बाजूंना चाप होते. ते ठमीला बसवायच्या खुर्चीच्या चौकटीत अडकवले की डोकं जागच्या जागी राहायचं. सुई टोचायच्या वेळी ठमी खाचेतून पाय स्वतः बाहेर काढून द्यायची. मग गोल कॅमेरा सुरू व्हायचा आणि ताई सोडून सगळे काचेपलीकडं जायचे. ताई मात्र ठमीच्या समोर राहायची. छातीवर किरण मोजणारा बिल्ला, हातात मनुकांची डबी. "बस अशीच. बघ, झालंच. बस हं." आणि ठमी बसायची. मला तिची नाडी लागायची कपाळाशी, पण डोकं केसभर हलायचं नाही.

शेजारच्या पिंजऱ्यात गुंड्या होता. त्याचा मुखवटा त्यानं चावून फोडला. दुसरा केला, तो भिंतीवर आपटला. खुर्चीत बसवलं की तो सगळ्यांकडं पाठ करायचा आणि बक्षीस म्हणून दिलेल्या रसाची नळी चोखून तोंडातला रस दादांच्या अंगावर उडवायचा. त्याची चित्रं म्हणजे नुसता चिखल. सर म्हणत, "हा काही कामाचा नाही." मला वाटायचं, बरोबर आहे, मस्ती करणाऱ्याचं काय होणार? बघा म्हणजे मी किती भोळा होतो ते.

गावाबाहेर एक मोकळं आवार होतं. काम संपलेली जनावरं तिथं पाठवायचे. झाडं, भिंतीआत ऊन, आणि कुणी टोचायला येणार नाही. पण तिथं जागा थोड्या, आणि या खेपेला एकाच जनावराला घेणार होते. ताईनं ठमीसाठी तिथल्या लोकांशी बोलून ठेवलं होतं. एका दुपारी, काम आटोपल्यावर, जाळीतून ठमीची भुवई खाजवत ती म्हणाली, "एवढं काम संपू दे गं. मग तू तिथं. झाडावर चढ, लोळ, काय वाटेल ते कर. माझा शब्द आहे." ठमीनं डोळे मिटले होते. मी टेबलावर होतो. मी ऐकलं, आणि ते खरं मानलं.

काही दिवसांनी सर कॅमेऱ्याच्या खोलीत आले. मी तिथंच भिंतीवरच्या आकड्याला टांगलेला होतो. पडद्यावर ठमीचं चित्र होतं. सर त्याच्याकडं बघत राहिले.

"काय कडा आहेत हो! असं चित्र आपल्याकडं कुणाचंच नाही. पण ताई, लोक विचारणार, पडद्यावर दिसतंय ते खरंच तिथं आहे का? आता शेवटचा एक फोटो घेऊन लगेच मेंदू काढायचा आणि त्याचे काप त्याच दिवसाच्या चित्राशी ताडून बघायचे, जुनं चित्र चालत नाही. त्याशिवाय कुणी मान्य करायचं नाही."

"मग गुंड्याला..."

"त्याचे काप कशाशी ताडायचे? चिखलाशी? ठमी."

ताई खुर्चीवरून उठली. "सर, ठमीला मी आवारात पाठवतेय. तुम्हाला सांगितलं होतं. शब्द दिलाय मी."

"कुणाला?"

"ठमीला."

सर हसले नाहीत. उलट हळू आवाजात म्हणाले, "बाबांचा हात कसा आहे आता?"

सर गेले. ताई कितीतरी वेळ त्या लाल-पिवळ्या चित्रापुढं उभी होती. मी आकड्यावर लटकलेला, आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. नीट बसली म्हणून! सांगितलं तसं वागली म्हणून! जो धिंगाणा घालतो तो झाडावर जाणार, आणि जी कपाळ टेकवून गप्प बसते तिचा मेंदू कापणार. हा कुठला न्याय? माणसं आपल्या पोरांना पण असंच शिकवतात का हो?

पण ताईनं तेवढ्यावर सोडलं नव्हतं, हेही सांगतो. त्याआधी एकदा आणखी फोटो काढायचा होता, खात्रीसाठी. त्या सकाळी ताईनं मला ठमीला चढवलं आणि माझे चाप लावलेच नाहीत. दोन्ही बाजूंना मोकळे सोडले. दादांच्या लक्षात आलं. त्यांनी ताईकडं बघितलं, ताईनं त्यांच्याकडं. दादा काचेमागं गेले. मला कळलं तिच्या मनात काय आहे. ठमी हलली, चित्र बिघडलं, की सर दुसरं जनावर शोधतील. मी मनातल्या मनात ताईला मुजरा केला.

कॅमेरा सुरू झाला. एरवी "बस अशीच" म्हणणारी ताई गप्प. ती डावीकडं सरकली आणि मनुकांची डबी वाजवली. ठमीचे डोळे डावीकडं गेले. डोकं नाही. ताई उजवीकडं गेली. डोळे उजवीकडं, डोकं जागेवर. ताईनं डबी जमिनीवर टाकली, मनुका सांडल्या. ठमीच्या कपाळाची शीर जोरात उडाली, पण डोकं नाही.

मग ताई अगदी जवळ आली. माझ्या तोंडाच्या भोकाशी तोंड आणून कुजबुजली, "हल ना गं. ठमे, हल. एकदाच हल."

ठमीला एवढंच माहीत होतं, की ताई जवळ आली म्हणजे आता बक्षीस मिळणार, म्हणजे आता तर मुळीच हलायचं नाही. ती बसली. चाप मोकळे, दार उघडं म्हणावं तसा मी मोकळा, आणि ती आपणहून कपाळ टेकवून बसली. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी ठमीनं ओठ पुढं काढले, मनुकेसाठी. मी काय करणार होतो? मी प्लास्टिक. मला हलवता येत असतं तर मी तिला गदागदा हलवलं असतं.

दुसऱ्या दिवशी उमटलेलं चित्र आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आलं. सर खूश. आणि दादांच्या तोंडून, सरांनी दोनदा विचारल्यावर, निसटलं, की चाप लावलेच नव्हते. सरांनी ताईला बोलावून पाठ थोपटायचीच बाकी ठेवली. "न बांधता? जागं आणि न बांधलेलं? ताई, हे तर कुणीच केलेलं नाही! शेवटचं चित्रही असंच काढायचं. चाप नकोत."

झालं. तिची युक्ती तिच्याच गळ्यात आली. तेवढ्यावर मी तिला माफ केलं असतं. माणूस धडपडतं, जमत नाही, त्यात पाप काय? पण पुढं तिनं जे केलं त्याला माझ्याकडं माफी नाही.

शेवटच्या दिवशी ताई आलीच नाही.

"बाबांना दवाखान्यात न्यायचंय," असा तिचा निरोप आला. खरंही असेल. पण त्या दिवशीच? सर म्हणाले, "हरकत नाही. काप करणारी मंडळी येऊन बसलीयत, औषध तळघरात तयार होतंय. माकड शिकलेलं आहे. दादा, तुम्ही घेऊन या."

दादांनी मला हातात घेतलं. त्यांचा तळवा घामानं ओला होता. पिंजऱ्याशी गेले, मला पुढं केलं. ठमी उठून जाळीशी आली आणि आधी दादांच्या मागं बघितलं. मग त्यांच्या दुसऱ्या बाजूनं बघितलं. दादा म्हणाले, "ताई नाही आज. चल बरं. चल ना बाळा." ठमी मागं सरकून बसली. तिनं तोंड फिरवलं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, नको येऊस. आज मला चावून फोड, गुंड्यासारखं भिंतीवर आपट.

दादा नुसते मला धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं ठमी पुन्हा पुढं आली. मला हुंगलं. माझ्यात ताईच्या हातांचा वास होता, वर्षभराचा. गालाच्या भोकात बोट घातलं. सगळं नेहमीसारखं होतं, काहीही वेगळं नव्हतं, आणि तिनं तोंड आत दिलं. ताई आली नव्हती, म्हणून तिनं माझ्या भरवशावर तोंड दिलं. आपल्या जागी मला सोडून ताईनं काय केलं, कळतंय का तुम्हाला?

सुई झाली. पाय तिनंच काढून दिला. कॅमेरा सुरू झाला, सगळे काचेमागं गेले, आणि खुर्चीसमोर कुणीच नव्हतं. जरा वेळ ठमी बसली. मग माझ्यात काहीतरी सरकलं. आधी मला वाटलं, मलाच भास झाला. नाही. तिचं कपाळ फोमपासून सुटलं. तिनं मान वळवली आणि दाराकडं बघितलं. परत आली, टेकली. पुन्हा वळली. कुणी पाऊल वाजवलं की वळायची. आयुष्यात पहिल्यांदा ठमी खुर्चीत हलत होती, आणि माझे चाप मोकळे होते. मी अडवलं नाही, मला अडवायचंही नव्हतं.

काचेमागून दादांनी ते बघितलं. त्यांच्या तोंडून "सर..." एवढं निघालंही. सर फोनवर होते, काप करणाऱ्यांशी वेळ ठरवत होते. दादा पुन्हा बोलले नाहीत. आणि चित्र तर दुसऱ्या दिवशीच उमटतं. त्याची वाट बघायला कुणाला सवड नव्हती. फोटो संपला आणि लगेच झोपेची सुई दिली. नेहमीची नव्हे, शेवटची. मी तिच्या तोंडावरच होतो. तिचं डोकं माझ्यात हळूहळू जड होत गेलं, आणि मग ते सगळं वजन एकट्या माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर चिखल उमटला. नुसता चिखल, गुंड्याच्यापेक्षा वाईट. एकीकडं ठमीच्या मेंदूचे नीट कापलेले काप, आणि ते ताडून बघायला त्या दिवसाचं चित्रच नाही. एक साधं हलणं आधीच्या फोटोत झालं असतं तर ती वाचली असती. ते झालं ते असं, कुणाच्याच उपयोगाचं नाही.

सर चिडले. "हे काय? ही तर कधी हलत नव्हती!"

दादा खाली बघत म्हणाले, "मुखवटा सैल पडला असेल सर. जुना झालाय."

बघा! खापर कुणावर फुटलं? माझ्यावर! मी, जो कपाळाच्या हाडाहाडाला बसत होतो, तो म्हणे सैल. दादांना ताईला वाचवायचं होतं की स्वतःला, मला माहीत नाही. भला माणूस आहे, पण मूग गिळून बसला.

ताई दोन दिवसांनी आली. डोळे सुजलेले. तिनं दादांना विचारलं, "कशी होती शेवटी?"

"शांत होती," दादा म्हणाले. "नेहमीसारखीच. मुखवटाच सैल होता, म्हणून चित्र गेलं."

"म्हणजे मी असते तरी तसंच झालं असतं?"

"तसंच झालं असतं."

तिनं लांब श्वास सोडला, आणि तिच्या तोंडावर, खोटं कशाला बोलू, सुटका दिसली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

गुंड्याला मोकळ्या आवारात जागा मिळाली. रिकामी ठेवण्यापेक्षा कुणीतरी जावं, म्हणून. तिथं तो भिंतीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर फळांच्या साली फेकतो, असं ऐकलं. त्याचं भलं होवो. मला मात्र तळघरातल्या एका जाड पेटीत टाकलंय. किरणांचा अंश लागलेल्या वस्तू तो विरेपर्यंत इथं ठेवतात, मग कचऱ्यात. माझ्या अंगावरचा अंश केव्हाच विरला. कचऱ्याची गाडी आली की मी निघालो.

जायचं मला दुःख नाही. ठमीशिवाय मी कुणाच्या तोंडाला बसणार? पण त्या बाईनं एवढं स्वस्तात सुटावं, हे मला सोसवत नाही. दादा सांगणार नाहीत, सरांना माहीत नाही, आणि मला तोंडाच्या जागी नुसतं भोक आहे. म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. माकडांना मनुका देऊन शिकवणारी अशी कुणी ताई तुम्हाला भेटली, तर तिला समोर बसवा आणि सांगा, की मुखवटा सैल नव्हता. ठमी शांत नव्हती. तू सांगितलं होतंस तशी ती हलली, तुला शोधायला हलली.